बेरीज आणि गुणाकार यांचं नातं: नव्याने शिकवायला बसणाऱ्यांसाठी

तिसरी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवायला जे नव्याने बसतात त्यांच्यासाठी हा लेख आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतेच रुजू झालेले शिक्षक असोत, संध्याकाळी समाजमंदिरात अभ्यासवर्ग घेणारी कॉलेजची पोरं-पोरी असोत, की कापूस वेचून घरी आल्यावर लेकराची वही उघडणारी आई असो. यातली सगळी उदाहरणं आपल्या वावरातली आहेत आणि साहित्यही गावात फुकट मिळणारं आहे.

"गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली बेरीज" हे वाक्य बहुतेकांना पाठ असतं. सुरुवातीला ते बरोबर आहे, पुढे ते अपुरं पडतं. अडीच एकराला, अर्ध्याच्या अर्ध्याला, उणे संख्येला ते लावता येत नाही. शेवटपर्यंत टिकणारी गोष्ट दुसरी आहे. गुणायच्या संख्येचे बेरजेने तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा वेगळा गुणा, आलेली उत्तरं मिळवा. गुणाकार तोच येतो. म्हणजे 7 × (5 + 3) = 7 × 5 + 7 × 3. पुस्तकात याला वितरण गुणधर्म म्हणतात आणि वरच्या वर्गात तो एका चौकटीत येऊन जातो. खरं तर पाढे, उभा गुणाकार, हातचा, अपूर्णांक, कंस, बीजगणित हे सगळं त्याच्यावरच उभं आहे. म्हणून तिसरीपासूनच तो मुलांच्या हाताखालून गेला पाहिजे. नाव नंतर सांगितलं तरी चालतं.

काय जमवायचं

160 चिंचोके. तुरीचा दाणा घरंगळतो आणि मांडणी मोडते, सरकी एकमेकींना चिकटते. चिंचोका जिथे ठेवला तिथे राहतो. आकडा 160 यासाठी की पुढे 12 × 13 ची मांडणी करायची आहे आणि तिला 156 लागतात. तुऱ्हाटीच्या दोन सरळ काड्या, हातभर लांबीच्या. चौकटीची एक वही. चौकटीची वही नसेल तर पाटीवर रेघा मारून घ्या, पण चौकटी समान आल्या पाहिजेत.

पायरी 1: सारखे गट

मुलाला 12 चिंचोके द्या आणि चार-चारचे गट करायला सांगा. वहीत आधी 4 + 4 + 4 = 12 लिहू द्या, त्याच्या खाली 4 × 3 = 12. चारचा गट, तीन वेळा. पाढाही असाच बोलतो: चार एके चार, चार दुणे आठ, चार त्रिक बारा. पहिला आकडा गटाचा (गुण्य) आणि दुसरा किती वेळा त्याचा (गुणक), असं सुरुवातीचे काही दिवस ठरवून ठेवा. उलटसुलट बोललं की मूल गोंधळतं.

इथे दोन चुका हमखास दिसतात.

एक, गट सारखे नसताना गुणाकार लिहिणं. 4, 5 आणि 3 चे गट मांडून मूल 4 × 3 = 12 लिहितं आणि उत्तर बरोबर येतं! तुम्ही बरोबरची खूण केली तर चूक पक्की झाली म्हणून समजा. पाचातला एक चिंचोका तीनमध्ये सरकवायला लावा, म्हणजे गट सारखे झाल्यावरच गुणाकार लिहायचा हे त्याला दिसेल. मग 4, 5 आणि 6 चे गट मांडून विचारा. इथे 4 × 3 चालत नाही, 5 × 3 मात्र चालतं. का, ते त्यालाच शोधू द्या.

दोन, "4 मध्ये 4 तीन वेळा मिळव" असं सांगितल्यामुळे 16 येणं. चूक मुलाची नाही, सांगण्याची आहे. 4 + 4 + 4 मध्ये चार हा आकडा तीनदा आहे, पण बेरजेची चिन्हं दोनच आहेत. "रिकाम्या जागेपासून सुरू कर आणि चार-चार तीनदा ठेव" असं म्हणा. आकडे किती आणि मधल्या जागा किती, यातला हा एकचा फरक पुढे झाडांच्या ओळी मोजताना परत भेटणार आहे.

पायरी 2: चौफुलीची मांडणी

गट जमले की चिंचोके ओळीत लावा. चौफुलीने टोबलेली पऱ्हाटी मुलांनी पाहिलेली असते. वावरात उभ्या आणि आडव्या रेघा मारतात, त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे सरकी टोबतात, म्हणून डवरा दोन्हीकडून फिरतो. तसेच 6 आडव्या ओळी लावा, प्रत्येक ओळीत 7 चिंचोके.

आता मुलाला आडव्या ओळी मोजायला सांगा: सात-सात, सहा वेळा, 42. मग त्याला उठवून बाजूला, काटकोनात बसवा. चिंचोक्यांना हात लावू देऊ नका. आता समोर सहा-सहाच्या 7 ओळी दिसतात. एकूण तेच 42. म्हणून 7 × 6 = 6 × 7.

ही गोष्ट मोठ्या माणसाला इतकी सरावाची असते की तिच्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नाही. पण 7 + 7 + 7 + 7 + 7 + 7 आणि 6 + 6 + 6 + 6 + 6 + 6 + 6 या दोन बेरजा नुसत्या कागदावर पाहिल्या तर त्या सारख्या का याव्यात याचं काहीच कारण दिसत नाही. कारण मांडणीत दिसतं. म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

पाठांतरही यामुळे कमी होतं. 1 ते 10 च्या पाढ्यांत 100 गुणाकार आहेत. क्रम बदलला तरी उत्तर तेच, म्हणून 55 उरतात. 1 आणि 10 चे काढले तर 36. 2 आणि 5 चे मुलांना लवकर येतात, ते काढले तर खरोखर पाठ करायचे फक्त 21. जे मूल पाढ्यांना घाबरतं त्याच्यासमोर हे 21 गुणाकार एका कागदावर लिहून ठेवा, आणि जो पक्का झाला त्यावर त्यालाच काट मारू द्या.

पायरी 3: मधे काडी ठेवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. आठवडा गेला तरी चालेल.

7 ओळी, प्रत्येक ओळीत 8 चिंचोके. पाचव्या आणि सहाव्या उभ्या ओळीच्या मधे तुऱ्हाटीची काडी ठेवा, वावराच्या मधून धुरा काढावा तशी. डावीकडे 7 ओळींत पाच-पाच, म्हणजे 35. उजवीकडे 7 ओळींत तीन-तीन, म्हणजे 21. मिळवले की 56. काडी उचला. मांडणी तीच, चिंचोके तेवढेच. वहीत लिहा:

7 × 8 = 7 × (5 + 3) = 35 + 21 = 56

मग काडी दुसरीकडे ठेवायला सांगा. 4 आणि 4: 28 + 28. 6 आणि 2: 42 + 14. दरवेळी 56. कुठे ठेवायची ते मुलाने ठरवावं आणि प्रत्येक वेळी वहीत लिहावं. ज्याला आठचा पाढा येत नाही पण पाचाचा आणि तिनाचा येतो त्याच्या लक्षात येतं की आपण अडलेलो नाही. त्या दिवसापासून पाढ्याची भीती कमी व्हायला लागते.

हीच रीत मोठ्या पाढ्यांना लावा. सतराचा पाढा म्हणजे दहाचा आणि साताचा मिळून: 17 × 6 = 60 + 42 = 102. नवाचा पाढा म्हणजे दहाचा, त्यातून एक-एक कमी: 7 × 9 = 70 − 7 = 63. वजाबाकीवरही हे तसंच चालतं, म्हणून बाजारात 98 रुपयांच्या 6 वस्तू घेतल्या तर 600 मधून 12 काढायचे, 588.

शून्य आणि एकचा गोंधळही इथेच मिटवा. 7 × 0 = 7 आणि 7 × 1 = 8 लिहिणारी मुलं बेरजेची सवय गुणाकारात आणत असतात. बेरजेत 0 मिळवल्याने काही बदलत नाही, गुणाकारात 1 ने गुणल्याने काही बदलत नाही. काडी सगळ्यात कडेला ठेवा: डावीकडे 7 × 8, उजवीकडे 7 ओळी पण एकाही ओळीत चिंचोका नाही. 56 मध्ये काही मिळवून 56 च येतात, मग ते "काही" शून्यच असणार.

समजलं की नाही हे तपासायला एकच प्रश्न पुरतो. फळ्यावर लिहा: 14 × 6 = 84. मग विचारा, 14 × 7 किती? गुणाकार करू देऊ नका, वरच्या ओळीवरूनच सांगायचं. समजलेलं मूल 14 मिळवून 98 सांगतं. 85 सांगणाऱ्याने आकडा एकने वाढला एवढंच पाहिलं. 90 सांगणाऱ्याने 6 मिळवले आणि 91 सांगणाऱ्याने 7. गट कितीचा आहे हे दोघांनाही दिसलेलं नाही. त्यांना परत चिंचोक्यांकडे न्या, 14 च्या 6 ओळी लावा आणि सातवी ओळ त्यांच्याच हाताने लावून घ्या.

आता दोन्ही काड्या हातात घ्या. 12 ओळी, प्रत्येक ओळीत 13 चिंचोके. 12 चे 10 आणि 2, 13 चे 10 आणि 3. एक काडी आडवी, एक उभी. इथे बहुतेक मुलं, आणि काही मोठी माणसंही, दहाला दहाने आणि दोनाला तीनने गुणून 100 + 6 = 106 सांगतात. मांडणीकडे बोट दाखवा. वावराचे चार तुकडे पडले आहेत, दोनच मोजले गेले. उरलेल्या दोन कोपऱ्यांत 10 × 3 = 30 आणि 2 × 10 = 20 आहेत. 100 + 30 + 20 + 6 = 156. सुटलेले 50 चिंचोके मुलाला हाताने मोजू द्या. ही चूक आत्ता धरली नाही तर आठवीत वेगळ्या रूपात परत येते.

आणखी दोन ठिकाणी मुलं नियम ताणतात. 3 × (4 × 5) मध्ये आत बेरीज नाही, म्हणून 3 दोघांना वाटायचा नाही. उत्तर 60, 180 नव्हे. तसंच 7 + (5 × 3) म्हणजे 22. (7 + 5) × (7 + 3) केलं तर 120 होतात. गुणाकार बेरजेवर पसरतो, बेरीज गुणाकारावर पसरत नाही.

पायरी 4: उभा गुणाकार

संत्र्याच्या बागेत 27 ओळी आहेत, प्रत्येक ओळीत 34 झाडं. 34 × 27.

आपण 7 ने गुणतो, 238 येतात. मग खालच्या ओळीत एककाच्या घरात फुली किंवा शून्य टाकून 2 ने गुणतो, 680. बेरीज 918. ते शून्य का, हे विचारलं की "तशी पद्धत आहे" असं उत्तर मिळतं. ही पद्धत काडी ठेवण्याचीच आहे. 27 ओळींचे 20 आणि 7 असे भाग केले. तो 2 दोन नाही, वीस आहे. मुलाला काही दिवस बाजूला लिहू द्या:

34 × 7 = 238
34 × 20 = 680
एकूण 918

शून्य विसरलं तर 238 + 68 = 306 येतं. हा 306 आकडा नीट पाहा: तो 34 × 9 आहे. मुलाने 27 ओळींच्या जागी 2 + 7 = 9 ओळी धरल्या. "शून्य विसरलास" म्हणण्यापेक्षा "तुझ्या बागेत नऊच ओळी राहिल्या, बाकीच्या 18 कुठे गेल्या?" असं विचारा.

हातच्याची चूकही अशीच वाचता येते. 7 चोक 28, 8 खाली, 2 हातचे. ते 2 म्हणजे 2 दशक, आधीच गुणून झालेले. पुढे 7 त्रिक 21 आणि मग हातचे 2, म्हणजे 23. काही मुलं हातचा आधीच 3 मध्ये मिळवतात आणि 5 ला 7 ने गुणून 35 लिहितात, उत्तर 358 येतं. हातचे दशक परत एकदा सातपट झाले. ज्या मुलाकडून हे वारंवार होतं त्याला हातचा वर लिहू देऊ नका, 28 आणि 210 खाली-खाली लिहून बेरीज करू द्या. पद्धत थोडी लांबते, पण हातातलं काम डोळ्यांना दिसतं.

ही तुकड्यांची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत 135 × 12 हे उदाहरण आहे आणि ते अनेक रीतींनी सोडवायला सांगितलं आहे. 12 चे 8 आणि 4 करा: 1080 + 540 = 1620. किंवा 12 म्हणजे 4 × 3, म्हणून आधी 4 ने गुणून 540, मग त्याला 3 ने. किंवा 20 ने गुणून 2700, त्यातून 8 पट म्हणजे 1080 वजा. एकच गुणाकार दोन रीतींनी करणं हाच त्याचा उत्तम पडताळा आहे, आणि पाचवीच्या मुलाला तो सहज जमतो.

पायरी 5: "मिळवाचं का गुणाचं?"

शाब्दिक उदाहरण आलं की वर्गातून हा प्रश्न येतोच. "एकूण शब्द दिसला की बेरीज" असली युक्ती कधीही सांगू नका. "एका वावरात 12 झाडं, दुसऱ्यात 9, एकूण किती?" आणि "एका ओळीत 12 झाडं, अशा 9 ओळी, एकूण किती?" दोन्हीत "एकूण" आहे. पहिल्याचं उत्तर 21, दुसऱ्याचं 108.

शब्द सोडा, प्रत्येक आकड्यामागचं माप विचारा. 12 काय? झाडं. 9 काय? झाडंच. सारखीच वस्तू असेल तर मिळवता येते. दुसऱ्या उदाहरणात 12 म्हणजे एका ओळीतली झाडं आणि 9 म्हणजे ओळी. झाडांत ओळी मिळवून काय येणार? बेरजेला दोन्ही मापं एकच लागतात, गुणाकाराला वेगळी चालतात आणि उत्तराचं मापही बदलू शकतं. 4 फूट आणि दीड फूट मिळवले तर साडेपाच फूट लांबी. 4 फुटाला दीड फुटाने गुणलं तर 6 चौरस फूट जागा. 15 किलो कापूस वेचला आणि वेचाई समजा किलोला 8 रुपये, तर 15 + 8 = 23 हे ना किलो ना रुपये. 15 × 8 = 120 मात्र रुपये आहेत.

मुलांकडून रोज एक उदाहरण तयार करून घ्या, त्याच दोन आकड्यांवर एक बेरजेचं आणि एक गुणाकाराचं. सोडवण्यापेक्षा यात जास्त शिकणं होतं.

पायरी 6: वावरातले दोन हिशेब

पहिला ओळींचा. 180 फूट बाय 180 फुटांचा तुकडा आहे, 18 फुटांवर संत्र्याची झाडं लावायची आहेत. 180 ला 18 ने भागून 10, म्हणून 10 × 10 = 100 झाडं? ते लावणी कुठून सुरू केली त्यावर आहे. पहिलं झाड थेट धुऱ्यावर लावलं आणि शेवटचंही समोरच्या धुऱ्यावर, तर मधल्या जागा 10 पण झाडं 11. मग 11 × 11 = 121. हे 21 कुठून आले? (10 + 1) × (10 + 1) चे चार तुकडे करा: 100 + 10 + 10 + 1. पायरी 3 मधले तेच चार तुकडे. प्रत्यक्षात धुऱ्यापासून निम्मं अंतर, म्हणजे 9 फूट सोडून सुरुवात करतात. तेव्हा झाडं बरोबर 10 बसतात आणि कडेच्या झाडाच्या फांद्या शेजाऱ्याच्या वावरात जात नाहीत.

दुसरा गुंठ्यांचा. 1 गुंठा म्हणजे 33 × 33 = 1089 चौरस फूट. 40 गुंठे म्हणजे 1 एकर, 43560 चौरस फूट. 4 × 1.5 फुटांवर पऱ्हाटी असेल तर एका झाडाला 6 चौरस फूट, म्हणून एकरी 7260 झाडं. आता वावर 1 एकर 20 गुंठे आहे. कॅल्क्युलेटरवर पुष्कळ जण 7260 × 1.20 करतात आणि 8712 येतात. चूक. 20 गुंठे म्हणजे अर्धा एकर. 7260 + 3630 = 10890. फरक 2178 झाडांचा पडतो, तेवढं बियाणं कमी येतं. 1.20 हा आकडा बरोबर ठरतो तो सातबाऱ्यावरच्या हेक्टर-आरमध्ये, कारण 100 आर म्हणजे 1 हेक्टर. 6 × 6 मीटरवर हेक्टरी 277 संत्रा झाडं बसतात. 1 हेक्टर 20 आरला 277 आणि त्याचा पाचवा हिस्सा 55, मिळून 332. हे दोन्ही हिशेब सातवीच्या मुलाला घरच्या सातबाऱ्यावर करायला लावा.

पायरी 7: अडीचकी आणि अर्ध्याचं अर्धं

अडीच वेळा बेरीज कशी करायची? दोन वेळा करता येते, तिसऱ्यांदा निम्मी. म्हणजे 7260 × 2.5 = 14520 + 3630 = 18150. "पुन्हा पुन्हा बेरीज" इथे डगमगते, तुकड्यांचा नियम मात्र तसाच चालतो. जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीचचे पाढे, तोंडपाठ होते. गावात अजून ज्यांना येतात अशा आजोबांना एक दिवस वर्गात बोलवा. ते म्हणतील तो प्रत्येक आकडा मुलांनी तुकडे पाडून तपासायचा: सात अडीच साडेसतरा, म्हणजे 14 आणि साडेतीन.

गुणलं की वाढतंच, हा समजही इथे मोडायला हवा. चौकोनी कागद उभा दुमडा, मग आडवा दुमडा. उलगडला की चार सारख्या चौकटी. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव, दोघांपेक्षाही लहान. समजा मजुरी ठरवताना 18.5 किलोला 8 रुपयांनी गुणायचंय: 18 × 8 = 144, अर्ध्या किलोचे 4, मिळून 148. दशांश चिन्ह कुठे द्यायचं याचा घोळ तुकड्यांनी गुणलं की होत नाही.

पायरी 8: आधी काय करायचं

3 + 4 × 5 किती? डावीकडून वाचत गेलं तर 35, बरोबर उत्तर 23. "कंचेभागुबेव" (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ करून घेण्याआधी कारण दाखवा: 4 × 5 ही पाच चारांची गाठोडी आहे. उलगडली तर 3 + 4 + 4 + 4 + 4 + 4. तीन फक्त एकदाच आहे, त्याला पाचपट व्हायचा हक्क नाही. पाचपट करायचाच असेल तर कंस घालून (3 + 4) × 5 लिहावं लागतं.

"कंचेभागुबेव" मुळे एक चूकही होते. त्यात बेरीज वजाबाकीच्या आधी येते, म्हणून मुलं 10 − 4 + 3 मध्ये आधी 4 + 3 करून 3 उत्तर काढतात. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखा आहे, डावीकडून जे आधी येईल ते आधी. उत्तर 9. भागाकार-गुणाकाराचंही तसंच: 12 ÷ 3 × 2 = 8.

सातवी-आठवीसाठी

उणे गुणिले उणे अधिक का? तुकड्यांचा नियम पाळायचा ठरवला तर दुसरं काही येऊच शकत नाही. (−3) × 0 = 0. शून्याच्या जागी 4 + (−4) लिहा: (−3) × 4 + (−3) × (−4) = 0. पहिला भाग −12 आहे. बेरीज शून्य यायची असेल तर दुसरा +12 च हवा. फळ्यावर या तीन ओळी लिहून मुलांना गप्प बसून वाचू द्या.

(a + b)² = a² + b² ही आठवीतली चूक म्हणजे 12 × 13 = 106 हीच चूक. चौकटीच्या वहीत 12 × 12 चा चौरस काढा, 10 आणि 2 वर रेघा मारा. 100, 20, 20, 4. ते दोन वीस म्हणजे 2ab. सूत्र पाठ करण्याआधी प्रत्येकाने असे दोन-तीन चौरस काढलेले असावेत.

ज्या मुलांना यापुढेही हवं असतं त्यांच्यासाठी बेरीज आणि गुणाकार एकत्र आणणारा एक खरा प्रश्न द्या. मूळ संख्या गुणाकारावरून ठरतात: 1 पेक्षा मोठ्या, आणि 1 व स्वतः सोडून दुसऱ्या कुणाच्या पाढ्यात न येणाऱ्या. 1742 मध्ये गोल्डबाख यांनी ऑयलर यांना लिहिलेल्या पत्रातून एक अंदाज पुढे आला: 2 पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते. 8 = 3 + 5, 24 = 5 + 19. संगणकांनी प्रचंड मोठ्या संख्यांपर्यंत तपासूनही अपवाद सापडलेला नाही, आणि सगळ्या सम संख्यांसाठी ते सिद्धही झालेलं नाही. मुलांना आधी 100 पर्यंतच्या मूळ संख्या काढायला लावा. 1 ते 100 ची चौकट आखून 2, 3, 5 आणि 7 च्या पाढ्यातल्या (खुद्द 2, 3, 5, 7 सोडून) संख्यांवर आणि 1 वर काट मारली की 25 उरतात. मग 100 च्या जोड्या शोधायच्या. एकूण सहा आहेत: 3 + 97, 11 + 89, 17 + 83, 29 + 71, 41 + 59, 47 + 53. कुणी 49 + 51 घेऊन आलं तर 49 हा 7 × 7 आहे आणि 51 हा 17 × 3 आहे, हे त्याने स्वतःच आपल्या चौकटीत पाहावं.